आपला बॉम्ब, आपलं वचन: अण्वस्त्र धोरणाबद्दल मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

मी चेंबूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. गणेशोत्सवातली व्याख्यानं, ग्रंथालयांतले शनिवारचे कार्यक्रम, सोसायटीच्या गच्चीवरच्या गप्पा अशा ठिकाणी गेली बारा-तेरा वर्षं भारताच्या अण्वस्त्रांबद्दल बोलते आहे. मे २०२५ नंतर प्रश्न एकदम वाढले. तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. माझे वडील तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वर्कशॉपमध्ये टर्नर होते, त्यामुळे हा विषय मला पुस्तकाआधी घरात भेटला. गुप्त असं इथे काहीच नाही. जे आहे ते सरकारी निवेदनांतलं आणि छापून आलेलं आहे.

आपल्याकडे नेमके किती बॉम्ब आहेत?

सरकार आकडा सांगत नाही. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था दरवर्षी अंदाज बांधते. जानेवारी २०२५ साठी तिचा अंदाज असा: भारत १८०, पाकिस्तान १७०, चीन ६००. रशिया आणि अमेरिका प्रत्येकी पाच हजारांच्या वर.

हा आकडा सांगितला की पुढच्या रांगेतून हमखास येतं, "म्हणजे पाकिस्तानपेक्षा दहाच जास्त?" हा क्रिकेटचा धावफलक नाही. आपलं अधिकृत धोरण 'विश्वासार्ह किमान प्रतिरोध' असं आहे. समोरच्याला एवढीच खात्री पटायला हवी, की त्याने आधी हल्ला केला तरी आपल्याकडे पुरेसं शिल्लक राहील आणि ते त्याच्यावर येऊन पडेल. ही खात्री पटली की साठ्यात आणखी पन्नासांची भर घालून वचक पन्नासपट होत नाही. खर्च आणि सांभाळायची जोखीम मात्र वाढते.

हे सगळं मुंबईतच का सुरू झालं?

कारण होमी भाभा मुंबईचे. टाटांच्या मदतीने १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू केली आणि त्याच वर्षी ती पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आणली. पुढे १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्र उभं राहिलं, तेच आजचं भाभा अणुसंशोधन केंद्र. (तुर्भे म्हणजे मानखुर्दच्या पलीकडचं, ज्याला आपण ट्रॉम्बे म्हणतो ते, नवी मुंबईतलं नव्हे. हा गोंधळ दर वेळी होतो.) एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि शहर हाताशी. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये कॅनडाने दिलेली आणि अमेरिकेच्या जड पाण्यावर चालणारी 'सायरस' आली.

सायरस महत्त्वाची का, हे समजून घेतलं तर पुढची सगळी गोष्ट कळते. खाणीतून आलेल्या युरेनियममध्ये स्फोटाला उपयोगी पडणारा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. तो वाढवत ९० टक्क्यांपर्यंत न्यायचा हा एक रस्ता. पाकिस्तानने तो धरला. दुसरा रस्ता असा, की नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या अणुभट्टीत ठेवायच्या, त्यात थोडं प्लुटोनियम तयार होतं, मग त्या कांड्या ॲसिडमध्ये विरघळवून ते वेगळं काढायचं. आपण हा रस्ता धरला. सायरसमध्ये कांड्या शेकायच्या आणि शेजारच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात प्लुटोनियम वेगळं करायचं. त्या प्रकल्पाचं उद्घाटन जानेवारी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं. १९८५ मध्ये सायरसच्या शेजारी 'ध्रुव' ही १०० मेगावॉटची भट्टी आली, पूर्णपणे आपल्या लोकांनी बांधलेली.

पाकिस्तानला घाबरून आपण बॉम्ब केला ना?

नाही. सुरुवात चीनपासून झाली. १९६२ च्या युद्धाची जखम ताजी होती, आणि १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने लोप नोरला पहिली अणुचाचणी केली. आठच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवर बोलले. दहा किलोटनाच्या (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी ताकद) एका स्फोटाचा खर्च सुमारे १७.५ लाख रुपये आणि पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटींच्या आत, असा हिशेब त्यांनी देशाला ऐकवला. बॉम्ब पोचवायला लागणारी विमानं, क्षेपणास्त्रं, पाणबुड्या, नियंत्रण यंत्रणा यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता, आणि खरा खर्च तिथेच असतो. शास्त्री बॉम्बच्या विरोधात होते, पण भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला त्यांनी परवानगी दिली. जानेवारी १९६६ मध्ये तेरा दिवसांच्या अंतराने दोघेही गेले: शास्त्री ताश्कंदला, भाभा माँ ब्लाँच्या विमान अपघातात.

पाकिस्तानचं निमित्त मात्र आपण. १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला आणि जानेवारी १९७२ मध्ये भुट्टोंनी मुलतानला शास्त्रज्ञांना बोलावून बॉम्बचं काम सोपवलं. म्हणजे चीन अमेरिका-रशियाकडे बघत होता, आपण चीनकडे, पाकिस्तान आपल्याकडे. ही साखळी डोक्यात ठेवली नाही तर आपलं धोरण कधीच कळणार नाही. दिल्लीत घेतलेला निर्णय बीजिंगसाठी असतो आणि धडकी इस्लामाबादला भरते.

१९७४ चा स्फोट 'शांततामय' होता हे खरं की थाप?

१८ मे १९७४, पोखरण. सरकारने त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटलं. त्या काळी डोंगर फोडायला, कालवे खणायला अणुस्फोट वापरण्याचे प्रयोग अमेरिका आणि रशियाही करत होते, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नव्हतं. पण त्या कामाचे प्रमुख राजा रामण्णा यांनी स्वतःच १९९७ मध्ये सांगून टाकलं की तो बॉम्ब होता. प्लुटोनियम सायरसचं होतं. कॅनडाला ते लागलं आणि त्याने सहकार्य तोडलं. अणुसाहित्याची निर्यात आवळण्यासाठी जो पुरवठादार गट निघाला, तो आपल्याच या स्फोटामुळे. पुढची तीस-चौतीस वर्षं आपल्या अणुवीज कार्यक्रमाने त्याची किंमत मोजली.

मग चोवीस वर्षं गप्प का बसलो, आणि १९९८ मध्येच का केलं?

गप्प बसलो असं नाही. क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत जगाच्या संपूर्ण निःशस्त्रीकरणाची योजना मांडली. ती कोणी मनावर घेतली नाही. १९९५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार, म्हणजे पाच देशांखेरीज कुणी अण्वस्त्रं ठेवू नयेत असं सांगणारा करार, कायमचा झाला आणि १९९६ मध्ये चाचणीबंदीचा करार आला. दार बंद होत होतं. १९९५ च्या अखेरीस नरसिंह रावांनी चाचणीची तयारी केली होती, अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली आणि ती थांबवावी लागली. एप्रिल १९९८ मध्ये पाकिस्तानने घौरी क्षेपणास्त्र उडवलं. ११ मे ला आपण तीन चाचण्या केल्या, १३ मे ला दोन. २८ आणि ३० मे ला पाकिस्तानने बलुचिस्तानात उत्तर दिलं.

११ मे ची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. टीव्हीवर वाजपेयी हिरवळीवर उभे राहून चार वाक्यं बोलले. आमच्या वसाहतीत क्षणभर कुणी काही बोललं नाही आणि मग सगळ्या जिन्यांतून आवाज सुरू झाला. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते, शर्टाला कूलंटचा वास होता, नखांत लोखंडाची काळी रेघ. काकूंनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं ना?" बाबा म्हणाले, "मला ड्रॉइंग मिळतं, मी जॉब काढतो. तो कशात बसतो ते विचारायचं नसतं." मग त्यांनी पेढा घेतला. त्या वेळी केंद्राचे संचालक अनिल काकोडकर होते, रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले. मराठी घरांत त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

१९९८ च्या चाचण्यांतला हायड्रोजन बॉम्ब फसला होता म्हणतात.

२००९ मध्ये के. संथानम यांनी तसं जाहीरपणे म्हटलं. ते १९९८ च्या चाचण्यांत डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या बाजूने होते. चाचण्यांच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले आर. चिदंबरम आणि काकोडकर यांनी आकडे देऊन ते खोडलं, त्या स्फोटाची शक्ती ४५ किलोटन हा दावा कायम ठेवला. वाद शास्त्रज्ञांमधला आहे आणि पूर्ण मिटलेला नाही. माझ्या मते वचक त्यावर अवलंबून नाही. हिरोशिमाचा बॉम्ब १५ किलोटनाच्या आसपासचा होता.

'आधी वापरणार नाही' म्हणजे नक्की काय? हे दुबळेपण नाही का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याचा.

४ जानेवारी २००३ ला सरकारने आपलं धोरण एका छोट्या निवेदनात जाहीर केलं. त्यातली मुख्य गोष्ट ही: भारत अण्वस्त्राचा पहिला वापर करणार नाही. भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अणुहल्ला झाला, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसवणार नाही एवढं नुकसान करेल. ज्यांच्याकडे अण्वस्त्रं नाहीत अशा देशांवर ती वापरणार नाही. एक पळवाट ठेवली आहे: मोठा रासायनिक किंवा जैविक हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय भारत राखून ठेवतो.

आता दुबळेपणाचं. कराचीपासून मुंबई नऊशे किलोमीटरच्या आत आहे. क्षेपणास्त्राला हे अंतर कापायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. चर्चगेटहून निघालेली लोकल तेवढ्यात मुंबई सेंट्रलच्या पुढे फारशी जात नाही. समजा दोन्ही देशांनी 'आधी आम्ही मारू' असं ठरवलं. मग रडारवर एखादा ठिपका दिसला, की दोघांनाही त्या दहा मिनिटांत ठरवावं लागेल: खरं आहे की यंत्राची चूक? थांबलो तर आपली क्षेपणास्त्रं जमिनीवरच जळतील का? अशा घाईत कोट्यवधी माणसांचा निकाल लागेल.

'आधी नाही' म्हटलं की ही घाई संपते. आपल्याला त्या दहा मिनिटांत काहीच उडवायचं नसतं. खात्री करायला वेळ मिळतो. बॉम्ब आणि क्षेपणास्त्र शांततेच्या काळात वेगवेगळं ठेवता येतं, आणि आपण बराच काळ तसंच ठेवत आलो. सीमेवरच्या कुठल्याही कमांडरच्या हातात तो निर्णय द्यावा लागत नाही. हे वचन शत्रूवर केलेला उपकार नाही. आपण आपल्याच पंतप्रधानांसाठी, आपल्याच माणसांसाठी विकत घेतलेला तो वेळ आहे. आणि त्याची किंमत चुकवायची तर पहिला घाव सोसूनही उठता येईल अशी ताकद उभी करावी लागते. दुबळ्याला असं वचन परवडत नाही.

पण पर्रीकर आणि राजनाथ सिंह तर वेगळं बोलले होते?

बोलले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर म्हणाले की मी स्वतःला का बांधून घ्यावं. ते वैयक्तिक मत असल्याचं लगेच सांगण्यात आलं. १६ ऑगस्ट २०१९ ला राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की आजवर आपण हे तत्त्व काटेकोर पाळलं आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून. लेखी धोरण मात्र २००३ चंच आहे. अशा वाक्यांनी समोरचा थोडा गोंधळात राहतो आणि त्याचा फायदा होतो, असं काही जाणकार मानतात. मला ते पटत नाही. पाकिस्तानच्या सेनापतींनी तसाही आपल्या वचनावर कधी विश्वास ठेवलेला नाही, त्यांना गोंधळवून नवीन काही मिळत नाही. आणि जी शिस्त वीस वर्षं कमावली ती एका सभेतल्या वाक्याने सैल व्हावी, हे मला मनापासून खटकतं.

बटण कोणाच्या हातात असतं?

बटण असं काही नसतं. अण्वस्त्र कमान प्राधिकरणाच्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान; वापराची परवानगी फक्त हीच परिषद देऊ शकते. कार्यकारी परिषदेचे प्रमुख राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. प्रत्यक्ष शस्त्रं सांभाळायला २००३ पासून स्वतंत्र सामरिक कमान आहे. पाकिस्तानातही कागदावर प्रमुख पंतप्रधान आहेत, पण व्यवहारात सूत्रं लष्कराकडे. हा फरक मोठा आहे.

पाकिस्तान असं वचन का देत नाही?

त्याच्या बाजूने विचार करून बघा. सैन्य लहान, अर्थव्यवस्था लहान, आणि लाहोर सीमेपासून हाकेच्या अंतरावर. अण्वस्त्र हे त्याच्या लेखी भारताच्या मोठ्या फौजेला दिलेलं उत्तर आहे. म्हणून तो पहिल्या वापराची धमकी उघडी ठेवतो. त्यांच्या अण्वस्त्र व्यवस्थेचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले खालिद किडवाई यांनी २००२ च्या सुमारास इटालियन अभ्यासकांना चार प्रसंग सांगितले होते: मोठा भूभाग गेला, भूदल किंवा वायुदलाचा मोठा भाग नष्ट झाला, आर्थिक गळचेपी झाली, किंवा देश आतून अस्थिर केला गेला, तर वापर होऊ शकतो. रेषा मुद्दाम धूसर ठेवल्या आहेत.

२०११ मध्ये त्यांनी 'नस्र' आणलं, पल्ला अवघा ६० किलोमीटर. आपलं सैन्य झटपट आत घुसलं तर रणांगणावरच छोटा अणुबॉम्ब टाकायचा, ही कल्पना. इथे आपल्या धोरणाची खरी परीक्षा आहे, आणि ती मी लपवणार नाही. त्यांच्याच वाळवंटात आपल्या रणगाड्यांच्या एका तुकडीवर छोटा बॉम्ब पडला, तर त्याबदल्यात आपण लाहोर खरंच बेचिराख करू का? धोरण म्हणतं, हो, प्रत्युत्तर प्रचंडच. टीकाकार म्हणतात, समोरच्याला हे खरं वाटणार नाही, म्हणून लहानाला लहान उत्तर द्यायची तयारी ठेवा. मी यावर खूप वेळ घालवला आहे. छोटा अणुहल्ला आणि मोठा अणुहल्ला अशी पायरी एकदा मान्य केली, की पहिल्या पायरीवर पाय टाकायला माणसं धजावतात. म्हणून मी २००३ च्या बाजूने आहे, थोडी अस्वस्थ राहून.

मग पाकिस्तानला काहीही करायला मोकळीक मिळते ना? २६/११ चं काय?

हा प्रश्न मुंबईत आवाज चढवूनच विचारला जातो आणि ते मी समजू शकते. अण्वस्त्रांच्या आडोशाने दहशतवाद पोसला गेला, हे खरं आहे. कारगिल (१९९९), संसदेवरचा हल्ला (२००१) आणि २६/११ या तिन्ही वेळा आपण हात आखडता घेतला. पुढे मात्र अण्वस्त्रांच्या खाली किती जागा आहे याची आपण चाचपणी केली: २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे, २०१९ मध्ये बालाकोट, आणि पहलगामनंतर ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर. १२ मे च्या भाषणात पंतप्रधानांनी अण्वस्त्रांची धमकी चालवून घेणार नाही असं स्पष्ट म्हटलं. जागा आहे, हे दिसलं. ती नेमकी कुठे संपते हे कुणी पाहिलेलं नाही, आणि प्रत्येक वेळी आपण आदल्या वेळेपेक्षा एक पाऊल पुढे असतो. याची मला काळजी वाटते.

एकदाचा टाका आणि प्रश्न मिटवा, असं का करत नाही?

कृपा करून हे वाक्य बोलू नका. एका व्याख्यानानंतर अकरावीतल्या एका मुलाने मला हेच विचारलं. मी त्याला फळ्याशी बोलावलं आणि नकाशा काढायला सांगितला. वाघा ते लाहोर किती? तो म्हणाला, पंचवीसेक किलोमीटर. मग अमृतसर? तेवढंच, उलट्या बाजूला. वारा कुठे वाहणार ते कोण ठरवणार? खडू हातात धरून तो बराच वेळ उभा होता.

हिरोशिमात १९४५ अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. ते आजच्या कल्याण-डोंबिवलीपेक्षा कितीतरी लहान शहर होतं. आणि आपल्या समोर १७० बॉम्ब आहेत.

चीनचं काय? तिथे तर आपण मागेच आहोत.

संख्येने मागे आहोत. चीननेही १९६४ पासून 'आधी नाही' असं म्हटलेलं आहे, त्यामुळे या बाजूला गलवानसारखे प्रसंग घडूनही अण्वस्त्रांची भाषा दोघांनीही केली नाही. पण २०२१ मध्ये युमेन आणि हामीजवळ क्षेपणास्त्रांच्या शेकडो नव्या विहिरी उपग्रहांतून दिसल्या, आणि साठा वेगाने वाढतो आहे. आपलं उत्तर पल्ल्यात आहे. पाकिस्तानसाठी ७०० किलोमीटरचं अग्नी-१ पुरेसं होतं. अग्नी-५ चा पल्ला ५ हजार किलोमीटरच्या वर आहे. पहिली चाचणी एप्रिल २०१२, आणि ११ मार्च २०२४ ला एकाच क्षेपणास्त्रावर अनेक स्फोटकाग्रं (टोकाशी बॉम्ब बसतो तो भाग) बसवून. ते कोणासाठी आहे, हे सांगायला नकाशा लागत नाही.

पाणबुडीवर एवढा खर्च कशाला?

'आधी नाही' म्हणणाऱ्याला पहिला घाव सोसावा लागतो, हे वर आलंच. जमिनीवरची क्षेपणास्त्रं आणि विमानतळ शत्रूला शोधता येतात. समुद्राखाली महिनोन् महिने शांत पडून राहिलेली अणुपाणबुडी शोधणं फार कठीण. अरिहंत २००९ मध्ये विशाखापट्टणमला पाण्यात उतरली, तिने पहिली गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये अरिघात आली. पाणबुडीत मावेल एवढी अणुभट्टी करण्यात तुर्भ्याच्या लोकांचा मोठा वाटा. अडचण पल्ल्याची होती: पाणबुडीवरचं के-१५ क्षेपणास्त्र साडेसातशे किलोमीटर जातं, म्हणजे पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याजवळ जावं लागतं. साडेतीन हजार किलोमीटरच्या के-४ मुळे ती बंगालच्या उपसागरात आपल्याच पाण्यात राहू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. पाणबुडीत बॉम्ब आणि क्षेपणास्त्र वेगळं ठेवता येत नाही. म्हणजे जी शिस्त जमिनीवर कुलपाने पाळली जात होती, ती आता माणसांवर आणि सांकेतिक शब्दांवर आली.

प्रसारबंदी करारावर आपण सही का करत नाही?

कारण तो करार १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणाऱ्या पाच देशांनाच अण्वस्त्रधारी मानतो. बाकीच्यांनी शस्त्रं टाकून आत यायचं. आपण तेव्हाही नाही म्हटलं, आजही नाही.

अमेरिकेशी झालेल्या करारामुळे बॉम्बवर बंधन आलं का?

नाही. २००५ ते २००८ च्या त्या करारात आपण नागरी आणि लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या केल्या. २२ पैकी १४ आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली दिल्या. ध्रुव देखरेखीबाहेर राहिली. त्याच करारात ठरल्याप्रमाणे सायरस २०१० अखेर बंद झाली.

दोन्ही देश एकमेकांशी काही बोलतात तरी का?

बोलतात, आणि याची बातमी होत नाही याचं मला वाईट वाटतं. डिसेंबर १९८८ मध्ये एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षी दिली, २६/११ नंतर पाचच आठवड्यांनी दिली, बालाकोटनंतरही दिली. २००५ पासून बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना देतात.

तरीही ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कुणी मेलं नाही, पलीकडून उलट काही आलं नाही. तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. दहा मिनिटांबद्दल मी वर जे लिहिलं ते पुन्हा वाचा, आणि ही घटना मे २०२५ च्या त्या चार दिवसांत झाली असती तर, असं मनाशी धरून बघा.

तुर्भ्याला बॉम्ब ठेवलेले आहेत का?

अण्वस्त्रं कुठे ठेवतात हे गुप्त असतं, आणि ते तसंच असावं.

सायरन वाजला तर आपण काय करायचं?

७ मे २०२५ ला दुपारी चार वाजता क्रॉस मैदानात सायरनची रंगीत तालीम झाली, स्वयंसेवकांनी स्ट्रेचरवरून 'जखमी' नेले. ती साध्या हवाई हल्ल्यासाठी होती. अणुस्फोटाबद्दल एवढं प्रत्येकाला माहीत असावं: स्फोटाच्या जवळ असलेल्यांसाठी फारसं काही करता येत नाही, पण काही किलोमीटरवरच्या माणसांचा जीव वाचू शकतो. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत शिरा, मधल्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब, मधल्या खोलीत. किमान चोवीस तास बाहेर पडू नका. किरणोत्सारी धुळीचा जोर वेळेनुसार झपाट्याने उतरतो: सातपट वेळ गेला की तो साधारण दहापट कमी होतो, म्हणजे पहिल्या तासाला शंभर असेल तर सात तासांनी दहा, दोन दिवसांनी एक. बाहेरून आलात तर कपडे काढून दाराबाहेर ठेवा आणि अंघोळ करा. मुलांना आणायला शाळेकडे धावत सुटू नका. शाळेच्या भिंतीआड ती जास्त सुरक्षित असतात. हे शेवटचं वाक्य वाचून आया माझ्यावर चिडतात. मीही आई आहे.

घारापुरीच्या बोटीतून दिसतो तो घुमट कसला?

गेटवेहून बोट निघाली की डाव्या हाताला, तेलाच्या जहाजांच्या मागे, तुर्भ्याचे डोंगर दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी पाण्यालगत एक गोल घुमट. तोच सायरस. ३१ डिसेंबर २०१० पासून ती भट्टी बंद आहे. शेजारी ध्रुव चालू आहे. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना एकदा घारापुरीला नेलं होतं. नातवाने बोट दाखवून विचारलं, "आजोबा, ते काय आहे?" बाबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "इथून कधी बघितलं नव्हतं."